सार्वभौम, स्वतंत्र आणि एक टेकडी

एका वाचकाने विचारलं आहे: '२००४ साली युरोपीय संघात गेल्यावर स्लोवाकियाचं सार्वभौमत्व गेलं म्हणावं की स्वातंत्र्य? आणि सार्वभौमत्व बरोबर की सार्वभौमता?'

'त्व' आणि 'ता' दोन्ही चालतात. पण स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व एकमेकांच्या जागी वापरू नका. बातम्यांमध्ये हे ऐकून कान किटले आहेत. स्लोवाक राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे तिथल्या संसदेने, सार्वभौमत्व जाहीर केलं १७ जुलै १९९२ ला, चेकोस्लोवाकियात असतानाच. देश स्वतंत्र झाला १ जानेवारी १९९३ ला. एस्टोनियाने सोव्हिएत संघात राहून १९८८ मध्ये सार्वभौमत्व घोषित केलं, स्वातंत्र्य मिळालं १९९१ मध्ये. एकच गोष्ट असती तर मधली तीन वर्षं कशाची?

स्लोवाक घोषणेतला शब्द आहे 'झ्वृखोवानोस्त्य'. त्याच्या पोटात आहे 'वृख', म्हणजे माथा, टेकडी. यातला 'र' आपल्या जुन्या ऋसारखा स्वर आहे! आणि हा वृख संस्कृत 'वर्ष्मन्'चा, म्हणजे उंची, शिखर या अर्थाच्या शब्दाचा सख्खा भाऊबंद. 'वर्षिष्ठ' म्हणजे सर्वांत उंच, तोही त्याच घरातला. फ्रेंच 'सूव्हरेन'ही लॅटिन 'सुपर'वरून आला, आणि 'सुपर'चं नातं आपल्या 'उपरि'शी, म्हणजे मराठी 'वर'शी.

म्हणजे युरोपात हा शब्द उंचीचा आहे, आपल्याकडे मात्र जमिनीचा. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम. त्यावर बोट ठेवून काही पंडित म्हणतात, सत्ता इतरांशी वाटून घेतली की सार्वभौमत्व संपलं. साफ चूक. शब्दार्थच धरायचा तर चक्रवर्ती सोडून कुणीच सार्वभौम नाही. मग साधारण ५४ लाख वस्तीच्या देशाला हा शब्द लावता तरी कशाला?

माझं मत असं की स्लोवाक नेत्यांच्या कानात टेकडी होती. टेकडी डोंगररांगेत असली तरी तिचा माथा तिचाच राहतो. १९९२ च्या घोषणेमागे तेव्हाचे स्लोवाक पंतप्रधान व्लादिमिर मेचियार यांचा पक्ष होता, आणि जून १९९५ मध्ये युरोपीय संघाकडे सदस्यत्वाचा अर्ज केला तोही मेचियार यांच्याच सरकारने. लोकशाहीची घडी बिघडवल्यामुळे पुढे त्यांना दारात थांबवलं गेलं, तो वेगळा विषय. दोन्ही कृतींत त्यांना विसंगती वाटली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

स्लोवाक राजचिन्हात दुहेरी क्रूस उभा आहे तीन टेकड्यांवर. त्या टेकड्यांचं नाव 'त्रोयवृशिये', पुन्हा तोच वृख. २००९ मध्ये युरो स्वीकारल्यावर स्लोवाकियाने आपल्या एक आणि दोन युरोच्या नाण्यांवर त्याच टेकड्या छापल्या.