शिशाच्या भट्टीवर काम आणि अश्वगंधेची पावडर

प्रश्न: डॉक्टर, वय ३२, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, माझा स्पर्म काउंट ९० लाख आणि मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) पण कमी. मी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्टीवर कामाला आहे. अश्वगंधा, हळद, लसूण यांच्या अर्काने शिशाचा परिणाम जातो असं मेव्हण्याने वाचलं आणि ऑनलाइन पावडर मागवून दिलीये. घेऊ का?
- एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: कामाचं स्पष्ट लिहिलंत ते फार बरं केलंत, बरेच जण सांगत नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत आणि वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्या चालू राहतात. आधी रक्तातलं शिसं तपासा, लॅबमध्ये ब्लड लेड म्हणून सांगायचं. ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे काउंट बिघडल्याचं कामगारांमध्ये दिसलेलं आहे, पण त्याहून कमी आलं म्हणून निर्धास्त राहू नका. व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणं) वगैरे दुसरं कारण नाही ना तेही अँड्रॉलॉजिस्टकडून, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरकडून, बघून घ्या.

मेव्हण्याने वाचलं ते खोटं नाही. पण ते प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत, त्यात शिसं किंवा कॅडमियम (तसाच एक विषारी धातू) देताना सोबतच, कधी कधी आधीपासून, अर्क देतात. हे धातू वृषणात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रसायनांचा मारा, वाढवतात, अर्कातले अँटिऑक्सिडंट तो थोडा कमी करतात, म्हणून उंदरांचे रिपोर्ट सुधारतात. तुम्ही मात्र रोज भट्टीचा धूर आत घेताय, तो कुठलीच पावडर अडवत नाही. अश्वगंधेच्या माणसांवर छोट्या ट्रायल झाल्यात, काउंट कमी असलेल्यांना ९० दिवसांत फरक दिसला, पण ती माणसं शिशात काम करणारी म्हणून निवडलेली नव्हती.

आणि मला खरी काळजी त्या पावडरचीच वाटते. २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं! शिसं कमी करायला घेतलेल्या डब्यातच शिसं असलं तर काय करणार? लॅब रिपोर्ट नसलेली किंवा धातूचं भस्म असलेली कुठलीही पुडी घेऊ नका. जेवणातली हळद, लसूण खुशाल खा.

मालकाकडे भट्टीपासून लांबचं काम मागा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कामगार कायद्याप्रमाणे शिशाची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, त्यामुळे मागायला लाजू नका. तोवर तोंडाला रुमाल चालणार नाही, नीट बसणारा रेस्पिरेटर (धूर-धूळ गाळणारा मास्क) हवा, भट्टीपाशी चहा-तंबाखू बंद, आणि अंघोळ करून कपडे बदलूनच घरी जा, कारण त्या कपड्यांची धूळ बायकोच्या आणि उद्या होणाऱ्या बाळाच्या अंगात जाते. शिसं बाहेर काढायची औषधं मनाने घेऊ नका, काम चालू असताना तर अजिबात नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात म्हणून काम बदलल्यावर तीन महिन्यांनी परत तपासणी करा. हाडात साठलेलं शिसं वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात येत राहतं, तेव्हा पहिल्या रिपोर्टला खचू नका.

प्रश्न: मी रोज एक पाकीट सिगारेट ओढतो, त्यावर आवळा रस चालेल का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर: तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं, ते धुरातून तुमच्या मूत्रपिंडात जाऊन १० ते ३० वर्षं मुक्काम करतं आणि शुक्राणूंनाही त्रास देतं. आवळा प्या, पण आधी सिगारेट सोडा, जमत नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रात जा, निकोटीन गम मिळतो.