मोनालिसाचा थायरॉइड आणि म्हाताऱ्याचं नाक

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. मोनालिसाला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी मंदावणं) होता, असं तू छातीठोकपणे लिहिलंयस. पिवळट त्वचा, विरळ केस, गायब भुवया आणि 1502 च्या डिसेंबरातलं बाळंतपण, सगळं छान जुळवलंस. 2018 मध्ये दोन संशोधकांनी हेच निदान छापलं होतं. त्याआधी 2004 मध्ये इतरांना तिच्या पापणीवर चरबीचा पिवळा ठिपका दिसला होता, हातावर गाठही. बिचारी हसते तरी कशी कोण जाणे!

पण तू तपासलंस ते लिझाला, म्हणजे चित्रातल्या खऱ्या बाईला, की चित्रावरच्या वॉर्निशला? जुनं वॉर्निश पिवळं पडतं आणि सोबत चेहराही पिवळा करतं. शिवाय ही बाई 1542 पर्यंत, म्हणजे साठी ओलांडून जगली. थायरॉइड इतका मंदावला असता, तर औषधाविना तिने पुढची जवळपास चाळीस वर्षं काढली असती का? चित्र बघून झालं की आधी मृत्यूची नोंद शोधावी.

हे मी ठेच खाऊन शिकलो. रेम्ब्रांटच्या 1654 च्या ‘बाथशेबा’तला डाव्या स्तनावरचा खळगा दाखवून मी भर वर्गात कॅन्सर म्हणून मोकळा झालो होतो. त्या चित्रासाठी बहुधा रेम्ब्रांटची जोडीदार हेन्ड्रिक्ये स्टोफेल्स बसली होती आणि ती 1663 पर्यंत जगली, हे मला मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितलं.

याहून मोठा चकवा फ्लेमिश चित्रकार क्वेंटिन मासिसच्या ‘कुरूप डचेस’चा. साधारण 1513 चं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फुगलेलं कपाळ, लांबलचक वरचा ओठ, वर वळलेलं नाक पाहून हाडं जाड आणि वेडीवाकडी करणाऱ्या पॅजेट रोगाचं निदान झालं, आणि हाडांपुरतं ते पटतंही. पण अगदी असंच डोकं लिओनार्डोच्या वर्तुळातल्या एका रेखाटनात आहे. तिच्या डोक्यावरचं शिरोभूषण तर त्या काळीही कधीच जुनं झालेलं. म्हणजे चित्रकारासमोर कुणी बसलं तरी होतं का? म्हातारपणी नटणाऱ्यांची टिंगल करायला काढलेल्या चेहऱ्याची केस हिस्टरी कुणाकडून घेणार?

याउलट युरोपातलं हॅब्सबर्ग राजघराणं घे. पुढे आलेला खालचा जबडा पिढ्यान् पिढ्या, वेगवेगळ्या चित्रकारांच्या हातून उतरलाय. दरबारी चित्रकार पोटासाठी व्यंग झाकतो, वाढवत नाही. तरीही जे उरलं, ते खरं धरायला हरकत नाही. 2019 च्या एका अभ्यासात जबड्याच्या 10 शल्यचिकित्सकांनी या घराण्याची 66 व्यक्तिचित्रं तपासली होती. एकट्या चित्रावर विसंबायचं नाही, हे त्यांना कळलं होतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं चित्र म्हणजे इटालियन चित्रकार घिर्लांदायोचा नातवासोबतचा म्हातारा, साधारण 1490 चा, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला. नाकावर गाठीच गाठी, राइनोफिमा. त्याच माणसाचं, मिटलेल्या डोळ्यांचं एक रेखाटन स्टॉकहोममध्ये आहे आणि त्यातही नाक तसंच आहे. इथे मी बिनधास्त सही करतो. नातू त्या नाकाकडे जराही किळस न करता बघतोय, ते मात्र कुठल्याच केस पेपरवर येत नाही.

मोनालिसा बाजूला ठेव. या नाकावर दोन पानं लिहून पाठव, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून.

तुझा,
सर