मशीन शॉपमध्ये कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) उचलून कंबर धरते. पट्टा बांधावा का?

पट्ट्याचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. मी कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं टर्निंगवर, म्हणजे लेथवर आहे. तुम्ही साताऱ्यात रोज बारा किलोची कास्टिंग चकवर, म्हणजे मशीनच्या पकडीत चढवता आणि शिफ्ट सुटताना ताठ उभं राहता येत नाही म्हणता. माझाही नग बारा किलोचाच होता.

शिफ्टला 180 नग. बिनमधून, म्हणजे मालाच्या पेटीतून मशीनवर, मशीनवरून ट्रॉलीत, म्हणजे प्रत्येक नग दोनदा उचलायचा. गुणाकार करा, 4,320 किलो होतात. एवढा माल हातातून जातोय हे कधी डोक्यातच आलं नाही. एक दिवस बिनच्या तळाचा नग काढायला वाकलो आणि तिथंच उसण भरली. नग हातात, मी अर्धा वाकलेला, वर येता येईना. दोघांनी धरून बाकावर बसवलं. पुढं तीन आठवडे घरी, बिनपगारी.

खरी गोम अंतरात आहे. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं 1991 चं सूत्र आहे. माल अंगालगत, मांडीच्या उंचीवर, सगळं अनुकूल असेल तर मर्यादा 23 किलो. तोच माल घोट्यापासून 50 सेंटिमीटर पुढं गेला की मर्यादा थेट 11.5 किलोवर येते. बिनच्या कडेवरून आत वाकल्यावर तुमचा हात किती लांब जातो, एकदा टेप लावून बघाच. त्यात वाकणं, वळणं, दिवसभराच्या फेऱ्या धरल्या की आकडा अजून खाली.

याच संस्थेनं 1994 मध्ये पट्टेही तपासले. धडधाकट कामगाराची इजा पट्ट्यानं टळते याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. डॉक्टरनं दिला असेल तर गोष्ट वेगळी. मी बांधून बघितला; घाम आला आणि उगाच जोर चढला.

मग केलं काय, तर बिनखाली दोन जुनी लाकडी पॅलेट सरकवली. सुपरवायझर आधी ओरडला. नंतर फॅब्रिकेशनवाल्यानं अँगलचं स्टँड करून दिलं आणि बिनची पुढची बाजू कापून बिजागरीचा पल्ला लावला. आता अर्धा माल संपला की पल्ला पाडायचा, आत वाकायचं कामच नाही. एक सांगतो, साहेबाला कंबरेचं रडगाणं ऐकवू नका. सायकल टाइम, म्हणजे एका नगामागचा वेळ कमी होतो म्हणा, स्टँड आठवड्यात येतं.

ट्रॉली मशीनला चिकटून ठेवू नका. जवळ असली की पाय जाग्यावर राहतात आणि कंबरच वळते. दोन पावलं लांब असली की पाऊल टाकावंच लागतं. उभं राहताना एक पाय आलटून पालटून विटेएवढ्या उंचीवर ठेवा. पहिल्या पाळीला पहिला तासभर तरी खालचे नग काढू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यातल्या चकत्या फुगलेल्या असतात, वाकलं की ताण जास्त येतो. आणि हो, उभ्यानं काम करणाऱ्याला मध्ये टेकायची सोय द्या, असं 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. आमच्याकडं स्टूल आलं ते मी पडल्यावर.

पायात मुंग्या उतरत असतील किंवा पाऊल उचलायला जड जात असेल, तर हे सगळं नंतर. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा. मी त्या मुंग्यांकडं चार महिने काणाडोळा केला होता.