ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं राहून परत आलेल्यांना तिथलं सगळ्यात जास्त काय आठवतं?

समुद्रकिनारे, मोकळे रस्ते, स्वच्छ हवा हे सगळं आठवतंच. पण तुम्ही ‘सगळ्यात जास्त’ विचारलंय, म्हणून सांगतो: मेलबर्नच्या पश्चिम भागातला हिवाळ्यातला शनिवार. आम्ही फुट्सक्रेजवळ राहायचो आणि मुलगा तिथल्या एका छोट्या क्लबात फूटी खेळायचा.

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती मैदान, एका संघात अठरा जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की गोल, म्हणजे सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. नियम कळायला मला एक अख्खा मोसम लागला, पण कामाला त्याआधीच जुंपलं होतं. पालकांनी नुसतं काठावर उभं राहून बघायचं, अशी तिथे पद्धतच नाही. कोणी संत्री कापायची, कोणी पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावायचं, कोणी घड्याळ सांभाळायचं. बायकोची पाळी कॅन्टीनला असायची. मला गोल अंपायर केलं.

पांढरा कोट घालून खांबांच्या मागे उभं राहायचं. गोल झाला की दोन्ही हातांची तर्जनी पुढे करायची, मग दोन पांढरे झेंडे उचलून हलवायचे. समोरच्या टोकाचा अंपायर झेंडे हलवून पोच देणार आणि दोघांनी आपापल्या कार्डावर नोंद करायची. नऊ-दहा वर्षांच्या पोरांची मॅच, थंडीने बोटं गारठलेली, पण ते झेंडे हलवताना मला जो मान वाटायचा तो ऑफिसात कधी वाटला नाही. मी परका आहे, माझं इंग्रजी वेगळं आहे, हे त्या कोटात असताना मनातही यायचं नाही.

दुपारी मोठ्यांची मॅच. लोक गाड्या मैदानाकडे तोंड करून लावायचे आणि गोल झाला की हॉर्न वाजवायचे. मला सगळ्यात आवडायचं ते क्वार्टर, म्हणजे खेळाच्या चार भागांपैकी एक, संपल्यावरचं दृश्य. प्रेक्षक सरळ मैदानात शिरायचे, कुत्री-मुलं सगळ्यांसकट, आणि खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभं राहून कोचचं बोलणं ऐकायचे. कोणी हटकायचं नाही.

आमचं कॅन्टीन एक आजी चालवायच्या. त्या भागातला मोठा क्लब म्हणजे फुट्सक्रे, आताचे वेस्टर्न बुलडॉग्ज. १९८९ मध्ये कर्जात बुडालेला हा क्लब फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरलं होतं. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२ मध्येच सिडनीला गेला होता, त्यामुळे क्लब एकदा गेला की काय होतं ते लोकांनी पाहिलेलं होतं. फुट्सक्रेची माणसं वर्गणीचे डबे घेऊन दारोदार फिरली, एका समर्थक बाईंनी कोर्टात दाद मागितली, काही आठवड्यांत पैसे उभे राहिले आणि क्लब वाचला. फिट्झरॉयचं नशीब तसं नव्हतं. १९९६ च्या मोसमानंतर तो ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. या आजीही तेव्हा डबा घेऊन फिरल्या होत्या. सॉसेज परतता परतता गल्ल्यांची नावं घेऊन सांगायच्या, कुठल्या गल्लीने भरभरून दिलं आणि कुठल्या नाही.

म्हणून फूटीच्या राष्ट्रीय लीगची २०१६ ची फायनल मी त्यांच्याशिवाय आठवूच शकत नाही. १९५४ नंतर बुलडॉग्जना विजेतेपद मिळालेलं नव्हतं. गुणतक्त्यात सातव्या क्रमांकावरून आत आलेला संघ, आणि समोर सिडनी, म्हणजे तोच जुना साउथ मेलबर्न. बुलडॉग्ज २२ गुणांनी जिंकले. कप्तान बॉब मर्फी मोसमाच्या सुरुवातीलाच झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःचं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. आम्ही क्लबहाऊसमधल्या टीव्हीसमोर होतो. आजी ओक्साबोक्शी रडत होत्या. त्यांना ‘आपण जिंकलो’ म्हणताना माझाही आवाज फुटेना.

एवढंच नाही. धाकटीच्या जन्माच्या वेळी मुलाला सरावाला नेण्या-आणण्याची जबाबदारी दुसऱ्या पालकांनी न सांगता वाटून घेतली. दाराशी डबे येऊन पडायचे, आणि आम्ही मांस खात नाही हे ठाऊक असल्यामुळे ‘अंडं चालतं का?’ असा मेसेज आधी यायचा.

उन्हाळ्यात त्याच मैदानावर क्रिकेट. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत रहाणेने ११२ केले तोवर आम्ही पुण्याला परतलो होतो. पहाटे उठून बघितलं. सामनावीराचं मुलाघ पदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते रहाणेला मिळालं. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातल्या जॉनी मुलाघचं नाव त्याला आहे. खेळ संपायच्या आत क्लबातल्या तिघा-चौघांचे अभिनंदनाचे मेसेज आले होते, जणू शतक मीच ठोकलं होतं.

तुम्ही मेलबर्नला जाणार असाल तर एप्रिल ते ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी कुठल्याही उपनगरातलं मैदान गाठा. क्वार्टर संपलं की बिनधास्त आत जाऊन कोचच्या घोळक्यात उभे राहा. कॅन्टीनमधून काहीतरी नक्की घ्या, ते पैसे पोरांच्या जर्सींना आणि चेंडूंना जातात. मीट पाय (मांस भरलेली पेस्ट्री) हवा असेल तर हाफ टाइमच्या आधीच घ्या, नंतर संपलेले असतात.