मोजलेलं मत फिरवायचं नाही

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातवीच्या मॉनिटरची निवडणूक तू मन लावून घेतलीस. मोबाइलवर मतदानाचं ॲप, बोटाला शाई, दारात रांग. निवडून आली मागच्या बाकावरची, कुणाच्या ध्यानीमनी नसलेली मुलगी. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ही वर्ग सांभाळणार का? त्या दुसऱ्याला करा." आणि तू बिल्ला त्या दुसऱ्याच्या खिशाला लावलास. आता उद्देशिकेचा धडा कुठल्या तोंडाने शिकवू, असं विचारतेस.

धड्याचं नंतर बघू. आधी बिल्ल्याचं बोलू.

विधानसभेला तुझी ड्यूटी लागली होती. पहाटे उठून अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्र तपासायची, किमान 50 मतं टाकलीत, निकाल एजंटांना दाखवलात, यंत्र शून्यावर आणून सील केलंत. संध्याकाळी 17 सीचा, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यातला, आकडा नोंदवहीशी जुळेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. एका मतासाठी एवढं! शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने आपल्याला बहुतेक अशैक्षणिक कामांतून सोडवलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी तीन मात्र ठेवली. म्हणजे देशाने मतपेटी मास्तराच्या हाती दिली आहे. तोच मास्तर स्वतःच्या वर्गातली 38 मतं फिरवतो.

हे मी तुला रागाने लिहितोय खरं, पण राग निम्मा माझ्यावरचा आहे. 1995 सालची गोष्ट. विधानसभेची ड्यूटी करून आलो होतो, अंगात उत्साह होता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर चपलांच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी केली, वहीच्या पानांच्या मतपत्रिका केल्या. निवडून आली ऊसतोड करणाऱ्या घरातली मुलगी. मी विचार केला, दिवाळीनंतर ही आईबापांबरोबर कारखान्यावर जाणार, मग वर्ग कोण बघणार? पोरांना तसं समजावून सांगितलं आणि दोन नंबरच्या मुलाला मॉनिटर केलं. माझं कारण तुझ्या मुख्याध्यापकांच्या कारणापेक्षा चांगलं होतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ती मुलगी काही बोलली नाही. "बरं सर" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी त्याच वर्गाला उमेदवारांची नावं विचारली. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा ना. शेवटी तुम्हीच ठरवणार." बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला ते तसंच असतं असं वाटत होतं, आणि ते त्याला मीच शिकवलं होतं. नागरिकशास्त्रात मात्र त्याला चांगले मार्क होते.

त्या दिवसापासून मोजलेलं मत मी कधी फिरवलं नाही. एका वर्षी गोळ्या वाटून एक पोरगा निवडून आला. सहकारी हसले. मी बिल्ला लावला. महिन्याभरात तो पाण्याच्या टाकीपाशी ओळखीच्यांनाच आधी सोडायला लागला, तेव्हा वर्गाने सभा घेतली, त्याला बोलायला दहा मिनिटं दिली आणि पुन्हा मतदान केलं. मी मागच्या बाकावर बसून होतो. त्या तासाला मी एक शब्दही शिकवला नाही, आणि साहेब नेमके तेव्हाच तपासणीला आले. "वर्गात शिस्त नाही" म्हणून नोटीस आली, गोपनीय अहवाल खराब झाला. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी चुकलो नव्हतो.

"मुलांना अजून समज नाही," असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं. 1951च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास सतरा कोटींवर माणसांना आपण मताचा हक्क दिला. तेव्हाही लोक हेच म्हणत होते. संविधानिक नीती माणसाला उपजत नसते, ती जोपासावी लागते, असं बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत सांगितलं. परिपाठाला रोज उद्देशिका म्हणून ती जोपासली जाईल, असं तुला वाटतं का?

हो, सगळंच मताला टाकायचं नसतं. सहलीच्या तीन ठिकाणांपैकी तिसऱ्याला परवानगी मिळणार नसेल, तर ते नाव फळ्यावर लिहूच नकोस. पोषण आहाराच्या पंगतीत वस्तीवरच्या पोरांनी वेगळं बसावं, असं उद्या सगळ्या वर्गाने हात वर करून म्हटलं तरी ते चालणार नाही. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं 17वं कलम बहुमतावर सोडलेलं नाही. पण हे मतदानाच्या आधी सांगायचं, स्पष्ट सांगायचं. मतं मोजल्यावर मास्तराचं तोंड बंद. मोजलेलं मत फिरवायचं नाही, मग निकाल तुला आवडो न आवडो.

नोकरीत कायम होण्याआधीची शिक्षणसेवकाची तीन वर्षं अजून संपलेली नाहीत, याची तुला भीती वाटते. मला कळतं, घरचे हप्ते मलाही होते. म्हणून मुख्याध्यापकांशी भांडू नकोस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एकटी जा. "सर, निकाल मी जाहीर केला होता, बदललाही मीच. चूक माझी आहे आणि ती मला वर्गासमोर दुरुस्त करायची आहे," एवढंच म्हण. ते नाही म्हणतील कदाचित. मग सोमवारी पुन्हा जा.

वर्गात मात्र लपवाछपवी नको. कुणी सांगितलं, का सांगितलं यात शिरू नकोस. "मी तुमची मतं फिरवली," असं त्या मुलीकडे बघून सरळ सांग. ज्याच्या खिशाला बिल्ला लावलास, त्या मुलाशी आधी बाजूला नेऊन बोल. त्याचा यात काहीच दोष नाही, आणि सगळ्यांदेखत बिल्ला काढताना त्याला ते लागणार. 1995 साली माझ्या त्या दोन नंबरच्या मुलाशी मी असं कधी बोललोच नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. कुणाला किती मतं पडली ते तू वर्गाच्या फळ्यावर लिहिलं होतंस ना? ते पुसलं कुणी?

तुझा,
सर