अर्ज जरूर भरा, हप्ता मात्र नको

पत्रातला मुख्य भाग असा आहे: ‘मी आर्वी तालुक्यातला (जि. वर्धा) शेतकरी. सात एकर वावर आहे, कापूस-तूर, थोडे सोयाबीन, थोडा संत्रा. दोन एकर समृद्धी महामार्गात गेले. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९६ टक्के होते, गणिताचे वेड आहे. तिला अमेरिकेतल्या एमआयटीला अर्ज करायचा आहे. नागपूरचे एक कन्सल्टंट पावणेदोन लाख मागतात. म्हणतात, स्कॉलरशिपसकट अ‍ॅडमिशन नक्की. एवढा खर्च करून अर्ज करावा का, की तिची समजूत काढावी? पैशाची तशी काळजी नाही. २०२२ साली बँकेत दुप्पट होणारी एफडी केली आहे, वर्षाला अडीच लाख, पाच वर्षे. चार हप्ते भरले, शेवटचा येत्या फेब्रुवारीत. यंदाच्या कापूस-तुरीतून अडीच लाखांच्या आसपास उरतील, ते कन्सल्टंट आणि क्लासमध्ये जातील. म्हणून हप्त्यासाठी घरातले सोने ठेवावे म्हणतो. पीककर्ज २.२० लाख थकले आहे, पण माफी होणार म्हणतात म्हणून भरले नाही. एफडीच्या कागदाचा फोटो सोबत पाठवतो.’

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. अर्ज करू द्या. कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका. अर्जाला पावणेदोन लाख लागत नाहीत, वीस हजारांच्या आत सगळे बसते, आणि त्यातलेही बरेच माफ होऊ शकते. त्याचे तपशील पुढे देतो. पण तुम्ही पाठवलेला फोटो पाहिल्यावर मला अर्जाची चिंता राहिली नाही, तुमची लागली.

तो कागद एफडीचा नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बँकेच्या शाखेत, बँकेच्या माणसाने, बँकेच्याच खुर्चीवर बसून विकली म्हणून ती एफडी होत नाही. फोटो मोठा करून पाहा: मधल्या चौकटीत दोन ओळी आहेत. प्रीमियम भरण्याची मुदत, १० वर्षे. पॉलिसीची मुदत, १५ वर्षे. म्हणजे येत्या फेब्रुवारीतला हप्ता शेवटचा नाही, पाचवा आहे. त्यानंतर आणखी पाच आहेत, २०३१ पर्यंत. आणि पैसे हातात येतील २०३७ साली. ज्या पंचवीस लाखांच्या भरवशावर ‘काळजी नाही’ असे तुम्ही लिहिले, ते पोरगी बारावी झाल्यावर येणार नाहीत. ती अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर येतील.

त्याच कागदाच्या खाली दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. पहिल्यात २८ लाख, दुसऱ्यात ४६ लाख. ४६ भोवती पेनाने गोल केलेला दिसतो. तो तुम्ही केला नसावा. हे ४ आणि ८ टक्के म्हणजे तुम्हाला मिळणारे व्याज नव्हे. कंपनीने गुंतवणुकीवर एवढे कमावले तर काय होईल, याचे ते नमुने आहेत. त्यातून खर्च आणि कमिशन वजा होते, मग उरलेले तुमच्यापर्यंत येते. आजवर जाहीर झालेला बोनस तुमच्या कागदावर आहे, तोच पुढे धरला तर २०३७ मध्ये ३८ लाखांच्या आसपास मिळतील. भरलेले पंचवीस, मिळाले अडतीस, पंधरा वर्षांनी. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला ४ टक्के पडतो. हेच हप्ते तुमच्या आणि वहिनींच्या नावाने पोस्टातल्या दोन पीपीएफ खात्यांत गेले असते, तर ७.१ टक्क्यांच्या दराने त्याच काळात ५२ लाख होतात. चौदा लाखांचा फरक. दुप्पट म्हणे!

हा हप्ता तुमच्या अंगावर कसा बसला तेही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. सगळ्या वऱ्हाडात तेव्हा हातात पैसा होता आणि विकणारेही बरोबर तेव्हाच दारात आले. समृद्धीच्या मोबदल्यातून घर, विहीर, ट्रॅक्टर होऊन उरलेले पाच लाख पहिल्या दोन हप्त्यांत गेले, असे तुम्हीच पुढे लिहिले आहे. तिसरा कापसातून भरला. चौथा भरला तेव्हा पीककर्ज भरायचे राहिले. पाचव्याला सोने. दहा हजारांचा भाव धरून ठरवलेला हप्ता सात-आठ हजारांच्या भावात भरायचा म्हटल्यावर दुसरे काय होणार? सोने ठेवून पाचवा भराल, मग सहाव्याला काय ठेवाल, वावर?

आता करायचे काय? पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर चार हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या साधारण निम्मे हमखास मिळते, म्हणजे पाच लाख; कंपनीचा विशेष सरेंडर दर थोडा अधिक असू शकतो. दुसरा रस्ता पेड-अपचा. पुढचे हप्ते थांबवायचे आणि भरलेले तिथेच राहू द्यायचे. विम्याची रक्कम दहापैकी चार हिश्शांवर येते, म्हणजे पंचवीसची दहा लाख, आणि चार वर्षांचा जमा बोनस साडेतीन लाख. २०३७ मध्ये साडेतेरा लाख मिळतात. आज पाच लाख घेऊन पीपीएफमध्ये टाकले तर तेव्हापर्यंत साडेदहाच होतात. तेव्हा पैशाची अगदीच नड नसेल तर सरेंडर करू नका, पेड-अप करा. हप्ते चालू ठेवण्यात मात्र अर्थ नाही. उरलेल्या पंधरा लाखांवर तुम्हाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास सुटेल. सोनेतारण त्याहून महाग पडते. महाग पैसा काढून स्वस्तात ठेवायचा, हा उलटा धंदा झाला. पेड-अपची नेमकी रक्कम कंपनीकडून लेखी मागवा, तोंडी नको.

आणि तक्रार करा. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करायची मुदत केव्हाच गेली, त्यामुळे फार आशा लावत नाही. पण ‘एफडी म्हणून विकली’ हे आधी कंपनीला लेखी कळवा. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा लोकपालाकडे जा. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. शाखेतल्या त्या साहेबांची तोवर बदली झाली असेल. ती नेहमीच झालेली असते.

आता पीककर्ज. हे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले, मला मात्र ते पॉलिसीपेक्षा जास्त टोचले. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. शून्य! महाराष्ट्रात शेतकऱ्याला याहून स्वस्त पैसा कुठेच मिळत नाही. तुम्ही तो थकवला, का, तर चार टक्के देणारा हप्ता भरायचा होता म्हणून. मुदत टळली की सवलत गेली आणि व्याज लागू झाले. आज ते खाते व्याजासकट २.४५ लाखांच्या घरात असेल.

माफीचे म्हणाल तर तिच्या बातम्यांवर मी कोणाचेही नियोजन करत नाही. मागचा इतिहास मात्र सांगतो. २०१७ च्या माफीला दीड लाखाची मर्यादा होती. २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत थकीत असलेली खाती घेतली. व्याजासकट दोन लाखांच्या वर गेलेली खाती बाहेर राहिली. तुमचे खाते त्या मापात बसले नसते. उलट त्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले. पुढची माफी आली तर तिची तारीख, तिची मर्यादा सरकार ठरवेल. तुमच्या पोरीची बारावी त्यासाठी थांबणार नाही.

याचा तिच्या शिक्षणाशी थेट संबंध आहे, म्हणून एवढे खोलात गेलो. उद्या ती बोस्टनला जावो, मुंबईला जावो की नागपूरला, वसतिगृह आणि फी यांसाठी शैक्षणिक कर्ज लागले तर सहकर्जदार म्हणून बँक तुमचे नाव मागेल. मग तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, उघडेल आणि त्यात थकलेले पीककर्ज दिसेल. ९६ टक्क्यांची पोरगी आणि बापाच्या खात्यावर थकबाकी, अशा फायली शाखेत कशा पडून राहतात हे मी पाहत आलो आहे. तेव्हा यंदाचे अडीच लाख कन्सल्टंटचे नाहीत, कोचिंगचे नाहीत, हप्त्याचेही नाहीत. ते पीककर्जाचे आहेत. खाते नियमित झाले की पुढच्या खरिपाला परत शून्य टक्क्याने पैसे मिळतील.

आता अर्ज. एमआयटी अतिशय निवडक आहे. सगळे अर्ज धरले तर शंभरात चार-पाच घेतात, परदेशी मुलांत शंभरात दोनच्या आसपास. गावात, तालुक्यात पहिली येणे हे तिथे विशेष ठरत नाही. भारतातून जी मुले निवडली जातात त्यांत ऑलिम्पियाड गाजवलेली बरीच असतात. हे तिला आत्ताच सांगा, निकालाच्या दिवशी नको. पण पैशाच्या बाजूने एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना घरची ऐपत पाहत नाहीत, आणि निवड झाल्यावर जेवढी गरज असेल तेवढी मदत देतात. तिथला वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे पाऊण कोट रुपये. तुमचे उत्पन्न साडेचार लाख. एवढ्या उत्पन्नावर तुमच्या वाट्याला जवळपास काहीच येऊ नये. म्हणून म्हणतो, अर्ज करू द्या. जिंकण्याची शक्यता थोडी आहे, पण तिकीट स्वस्त आहे.

एमआयटीची अर्जाची फी ७५ डॉलर, साडेसहा-सात हजार रुपये. परवडत नसेल तर माफ करून मागता येते. सॅट ही प्रवेशपरीक्षा २०२२ पासून तिथे पुन्हा सक्तीची आहे, तिला दहाएक हजार लागतील. तयारीला खान अकॅडमीची ऑनलाइन शिकवणी फुकट आहे, त्यासाठी क्लास लावू नका. शिफारसपत्रे दोन लागतात, एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे, एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचे. तिच्या ज्युनियर कॉलेजच्या सरांनी आणि मॅडमनी ती स्वतः लिहावीत. कन्सल्टंटने लिहिलेली पत्रे ओळखू येतात. मदतीच्या अर्जात उत्पन्न खरे लिहा. तुमच्याकडच्या तहसीलच्या दाखल्यावर ९० हजार आहेत आणि मला तुम्ही साडेचार लाख लिहिता. तिथे सातबारा, पॉलिसी, सोने, सगळे विचारले जाते आणि आकडे जुळावे लागतात.

‘स्कॉलरशिपसकट अ‍ॅडमिशन नक्की’ म्हणणाऱ्याला विचारा, एमआयटीत नक्की का? तो दुसऱ्याच कॉलेजांची नावे काढील. अशी नक्कीची कॉलेजे अमेरिकेत पुष्कळ आहेत. तिथे साठ लाखांच्या खर्चावर पंधरा-वीस लाखांची ‘स्कॉलरशिप’ देतात, बाकीचे तुमच्या वावरातून. कन्सल्टंटचे कमिशन त्या कॉलेजांकडूनही येते. आणि सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीचे गाजर दाखवले तर लक्षात ठेवा, राज्याच्या त्या बहुतेक योजना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, बारावीनंतरच्या मुलीला नाहीत.

घरची, म्हणजे भारतातल्या कॉलेजांची, बाजू त्याहून भक्कम आहे आणि तिची तयारी आधी. आयआयटीत उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर शिकवणी शुल्कात दोनतृतीयांश सूट आहे. राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून इंजिनीअरिंगला गेली, तर २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दाखले आत्ताच काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रापुढे रांग किती असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

विम्याचे थोडक्यात. पॉलिसी पेड-अप केली की तुमच्यावरचे पंचवीस लाखांचे संरक्षण दहावर येईल, म्हणून त्याआधी पन्नास लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला बारा ते पंधरा हजारांत बसेल. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर फॉर्मवर खर्रा लिहा, हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवला तर उद्या वहिनींचा दावा अडकेल. शिवाय बँकेतली ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते पासबुकात पाहा.

शेवटचे आणि तातडीचे. हा हप्ता तुमच्या बचत खात्यातून आपोआप कटतो. कापसाचे पैसे येतील तेही बहुधा त्याच आधारला जोडलेल्या खात्यात. टर्म इन्शुरन्स हाती आला की जानेवारी संपायच्या आत बँकेत आणि विमा कंपनीत, दोन्हीकडे ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या, नाहीतर पीककर्जाचे अडीच लाख तुमच्या डोळ्यांदेखत पॉलिसीत जातील. ‘पॉलिसी बंद केली तर पीककर्ज मिळणार नाही’ असे शाखेत कोणी म्हणाले, तर तेच वाक्य कागदावर लिहून सहीशिक्क्यानिशी मागा.