सस्पेन्शनचा बोल्ट वाकला तर १२.९ घ्यावा की स्टेनलेस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर-बाय-फोरच्या मागच्या लोअर आर्मचा (मागचा अॅक्सल गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बोल्ट वाकलाय, खड्ड्यात गाडी गेली की टकटक वाजतं. मूळ बोल्टच्या डोक्यावर १०.९ (ताकदीचा ग्रेड) लिहिलंय. त्याच्या जागी १२.९ किंवा स्टेनलेस टाकला तर परत वाकणार नाही ना, आणि लांबी व आटे कसे ठरवायचे?

दोन्ही नको. १०.९ च घ्या. तुमचा बोल्ट मऊ होता म्हणून वाकला असं मला वाटत नाही. तो आधी सैल झाला असणार, आणि सैल झाल्यावर त्याच्यावर असं काम आलं जे त्याचं नव्हतंच.

आर्मच्या टोकाला असलेल्या बुशमध्ये (रबराच्या किंवा तशाच अस्तरात) एक लोखंडी स्लीव्ह, म्हणजे नळी असते. बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन पट्ट्या त्या स्लीव्हला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. गाडीचं वजन, ब्रेकचे धक्के, दगडावर आपटल्याचा जोर हे सगळं त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर पेलायचं असतं. बोल्टला फक्त ताण द्यायचा असतो. आकड्यांत सांगतो. एम१४ × १.५ (१४ मिमी व्यास, १.५ मिमी पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) च्या १०.९ बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ सुमारे १२५ चौरस मिमी आणि प्रूफ स्ट्रेस (कायमचा न ताणता बोल्ट सोसतो तो ताण) ८३० मेगापास्कल. त्याच्या ७५ टक्के ताण दिला तर साधारण ७८ किलोन्यूटन दाब मिळतो. पोलादावर पोलाद घासताना घर्षणांक ०.१५ धरला आणि दोन पृष्ठभाग मोजले, तर स्लीव्ह जागची हलायला सुमारे २३ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त जोर लागतो. नट निम्म्या ताणावर राहिला तर हा आकडाही निम्मा होतो. मग स्लीव्ह सरकते, बोल्टच्या अंगावर येते, भोक खाते आणि टकटक सुरू होते. बोल्ट वाकतो तो त्याच्या नंतर.

आता १२.९ बद्दल. त्याचा प्रूफ स्ट्रेस ९७० म्हणजे फायदा जेमतेम १७ टक्के, तोही जोडीला १२ क्लासचा नट असेल आणि त्या हिशोबाने जास्त आवळलात तरच. बदल्यात कडकपणा ३९ ते ४४ एचआरसीवर (रॉकवेल मापावर) जातो. इतक्या कडक पोलादावर इलेक्ट्रोप्लेटिंग केलं की हायड्रोजन आत शिरायचा धोका राहतो आणि असा बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही न होता, अचानक तुटू शकतो. प्लेटिंग नसलेला काळा १२.९ चिखलपाण्यात लवकर गंजतो, आणि गंजही कडक पोलादाला तडे पाडतो. गाडीच्या पोटाखाली ही वस्तू नको.

स्टेनलेस त्याहून वाईट. सर्रास मिळणाऱ्या ए२-७० ग्रेडच्या स्टेनलेसची यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो) ४५० मेगापास्कल आहे, १०.९ ची ९००. म्हणजे निम्मा दाब. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांत चिकटून जागच्या जागी जाम होतात. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा पाना) 'क्लिक' म्हणतो, पण तो जोर घर्षणात गेलेला असतो, ताणात नाही.

उलट बाजूचाही एक समज ऐकायला मिळतो: ८.८ घ्या, तो निदान वाकेल, १०.९ काडकन तुटेल. हेही चूक. ८.८ तुटायची वेळ येते ८०० मेगापास्कलच्या आसपास, १०.९ त्या ताणाला अजून कायमचा ताणलेलाही नसतो. वाकण्यासाठी ज्याची वाट पाहताय तो तोवर तुटून पडलेला असेल.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पार्ट नंबर काढून कंपनीचाच बोल्ट-नट मागवणं. आळशी सल्ला वाटेल, पण सस्पेन्शनचे बरेच बोल्ट बाजारातल्या मापांत बसत नाहीत. शँकची, म्हणजे आटे नसलेल्या भागाची लांबी विचित्र असते, टोकाला आटे नसलेला निमुळता भाग असतो, डोक्याला फ्लँज असते. तो मिळतच नसेल तर पुढचं वाचा.

व्यास व्हर्निअरने शँकवर मोजा, आट्यांवर नको. १३.९ च्या आसपास आला तर एम१४. १४.२ च्या वर आला तर तो ९/१६ इंची आहे, कारण ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी. लिफ्ट किटसोबत (गाडी उंच करायच्या सामानासोबत) आलेले आर्म असतील तर हे हमखास तपासा, कारण अनेक किटांत इंची बोल्ट असतात. १/२ इंची भोकात एम१२ टाकला तर ०.७ मिमी खेळ राहतो. तेवढा खेळ थोड्याच दिवसांत भोक लंबगोल करायला पुरतो. इंची बोल्टवर १०.९ सारखा आकडा नसतो, डोक्यावर रेघा असतात: सहा रेघा म्हणजे ग्रेड ८ (१०.९ च्या जवळपास), तीन म्हणजे ग्रेड ५ (८.८ च्या जवळपास). डोक्यावर ना आकडा, ना रेघा, ना बनवणाऱ्याची खूण, असा बोल्ट सस्पेन्शनला लावू नका.

पिच मोजायला गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा. १५ मिमी भरलं तर पिच १.५, २० भरलं तर २.०. सावध राहा: ९/१६ च्या बारीक आट्याची पिच १.४१ मिमी आहे, डोळ्याला १.५ सारखीच दिसते. नट हाताने सरळ चार-पाच फेरे जात नसेल तर पाना लावून 'बसवू' नका. एम१२ मध्ये १.२५, १.५ आणि १.७५ असे तिन्ही प्रकार गाड्यांत सापडतात, त्यामुळे नुसतं 'एम१२ द्या' म्हणून चालत नाही.

आता लांबी. बहुतेक चुका इथेच होतात. ब्रॅकेटच्या पट्ट्यांमध्ये बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे, आटे नाही. आट्यांच्या कडा धारदार असतात, जरा हालचाल झाली की त्या भोक कानशीसारखं खातात, आणि आट्यांच्या तळाशी बोल्टही बारीक असतो. म्हणून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट (जर्मन मानक डीआयएन ९३३, बारीक पिचमध्ये ९६१) बाद. अर्धे आटे असलेला (९३१, बारीक पिचमध्ये ९६०) घ्यायचा. त्यात आट्यांची लांबी ठरलेली असते: १२५ मिमीपर्यंतच्या बोल्टला व्यासाची दुप्पट अधिक ६. एम१४ ला ३४ मिमी.

समजा स्लीव्ह ६० मिमी, पट्ट्या ५-५ मिमीच्या, दोन्हीकडे २.५ मिमीचा वॉशर. एकूण ७५. नट १४ आणि बाहेर दोन-तीन आटे दिसायला ४ मिमी धरले तर ९३, म्हणून कोणीही १०० चा बोल्ट उचलतो. त्याचा शँक भरतो ६६ मिमी. डोक्याखालचा वॉशर, पहिली पट्टी आणि स्लीव्ह मिळूनच ६७.५ होतात. म्हणजे दुसरी पट्टी अख्खी आट्यांवर बसली. ११० चा घेतला तर पूर्ण आटे ७६ मिमीपासून सुरू होतात. दुसरी पट्टी शँकवर किंवा जास्तीत जास्त अर्धवट आट्यांवर येते. पण आता नट ७५ वर टेकायला हवा आणि आटे ७६ ला सुरू होतात, म्हणजे नट शँकच्या तोंडाशी अडकेल. टॉर्क बरोबर दाखवेल आणि पट्ट्या दाबल्याच जाणार नाहीत. नटाखाली अजून एक कडक वॉशर टाका, जुळणी ७७.५ होते आणि नट मोकळा फिरतो. बाहेर उरलेला भाग कशाला लागत असेल तर कापून टाका, गॅसने नाही, आरीने. तुमची मापं वेगळी असतील, पण कागदावर हा हिशोब केल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

नट १० क्लासचा. ८ क्लासचा नट १०.९ बोल्टवर लावला तर आवळताना किंवा नंतर नटाचेच आटे सोलले जातात. नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट) एकदाच वापरायचा आणि त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच टिकतं, तेव्हा सायलेन्सरच्या पाइपजवळ पूर्ण धातूचा लॉकनट बरा. वॉशर ३०० एचव्हीचे (विकर्स मापावरचा कडकपणा). साधे मऊ वॉशर १०.९ च्या दाबाखाली चेपतात आणि ताण उतरतो. स्प्रिंग वॉशर तर टाकूच नका. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की नट सैल होतो तो मुख्यतः जोड आडवा सरकल्यामुळे. त्यावर उपाय दाबाचाच आहे, चिरलेल्या वॉशरचा नाही.

नवा बोल्ट घालण्याआधी भोकं बघा, नाहीतर सगळी खटपट वाया. बोल्ट हाताने भोकात घालून हलवा. एका दिशेला जास्त हलतो म्हणजे भोक लंबगोल झालंय. पुढच्या मापाचं ड्रिल मारायचा मोह होतो, पण स्लीव्हचं भोक तेवढंच राहतं. बरोबर मापाचं भोक असलेला जाड वॉशर पट्टीवर वेल्ड करून घ्या. बुश आधी काढा, बॅटरीची वायर सोडा, आणि वॉशर जागेवर धरायला तो जुना वाकलेला बोल्ट नको, त्याच मापाचा एखादा टाकाऊ सरळ बोल्ट वापरा. नवा अजिबात नको, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद जाते. पट्ट्या आणि स्लीव्ह जिथे टेकतात तिथला गंज आणि जाड रंग खरवडून काढा. पावडर कोटिंगचा थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल होतो. नवे आर्म बसवल्यावर आठवड्यात टकटक सुरू होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बसवताना शँकवर आणि स्लीव्हच्या आत अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावा, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट स्लीव्हमध्ये गंजून बसणार नाही. आट्यांना मात्र लावू नका. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. तो का महत्त्वाचा ते वरच्या उदाहरणावरून कळेल: कोरड्या आट्यांवर ७८ किलोन्यूटनसाठी अंदाजे २१५ न्यूटन-मीटर लागतात, आट्यांना ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर ताण १०० च्या पुढे, प्रूफ लोडच्या काठावर जातो. मॅन्युअलमध्ये टॉर्कसोबत अंशांचा कोन दिला असेल तर तो बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो. बोल्टचं डोकं धरून ठेवा, नट फिरवा, आणि शेवटची आवळणी इम्पॅक्ट गनने करू नका.

रबर बुश असतील तर शेवटचा टॉर्क चाकं जमिनीवर टेकवून, गाडी नेहमीच्या उंचीवर असतानाच द्या. आर्म लोंबकळत असताना आवळलं तर स्लीव्ह त्या कोनात पकडली जाते, गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लिफ्ट किट बसवल्यावर तर हे सगळे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतात.

हा हिशोब सगळीकडे लावू नका. चाकांच्या अलाइनमेंटसाठी असलेल्या एक्सेंट्रिक बोल्टच्या (फिरवला की आर्म सरकतो अशा बोल्टच्या) जागी साधा बोल्ट चालत नाही. काढण्याआधी वॉशरची खूण ब्रॅकेटवर कोरून ठेवा आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या. लीफ स्प्रिंगचे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच टाका. बॉल जॉइंटच्या कॅसल नटात (वर खाचा असलेल्या नटात) स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे घेऊ नका. ग्रीस निपलवाली शॅकल पिन (लीफ स्प्रिंगच्या टोकाची पिन) घेताना लक्षात ठेवा की ती आतून पोकळ असते, म्हणजे तेवढी कमजोरही.

बसवून झालं की नट, बोल्ट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर आणि पहिल्या दगडधोंड्यांच्या फेरीनंतर ती रेघ बघा, टॉर्क रेंच लावा. रेघ जागेवर आहे पण नट तरीही थोडा आवळला गेला, तर रंगाचा थर बसला असेल, ठीक आहे. दुसऱ्यांदाही आवळला गेला तर मात्र बोल्ट बाहेर काढून शँक बघा: एका बाजूला चकचकीत घासल्याची खूण किंवा लालसर-तपकिरी भुकटी असेल तर स्लीव्ह अजून सरकतेय, आणि दोष भोकात, स्लीव्हच्या लांबीत किंवा शँकला अडलेल्या नटात आहे.